दिवा, दिवस आणि मजुरी



घरातला जुना दिवा काढून कमी विजेचा नवा दिवा लावावा, हा काय व्याख्यानाचा विषय झाला, असे आपणांपैकी काहींना वाटत असेल. वीज कंपनीच्या पत्रकात तो शोभला असता, हे मलाही मान्य आहे. परंतु दिव्याच्या इतिहासात कामगारांचा इतिहास जागोजाग गुंतलेला आहे, आणि मी त्याच वाटेने विषयाकडे जाणार आहे.

१८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा भरवून काही मागण्या मांडल्या. रविवारची सुटी आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती सर्वांना ठाऊक असते. त्यांतच आणखी एक मागणी होती: काम सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच असावे. सूर्यास्त हे त्या काळी कामगाराच्या दिवसाचे कुंपण होते. अंधारात सूत दिसेनासे झाले म्हणजे मालकालाही गिरणी थांबवणे भाग पडे. १९०५ च्या सुमारास गिरण्यांतून विजेचे दिवे सर्रास आले आणि ते कुंपण मोडले. कामाचा दिवस चौदा-पंधरा तासांवर गेला. कामगारांनी विरोध केला, सरकारने चौकश्या नेमल्या, आणि कापडगिरण्यांतील पुरुषांना बारा तासांची मर्यादा घालणारा कायदा व्हायला १९११ साल उजाडावे लागले. शोध निघाला म्हणजे माणसाचे कष्ट आपोआप हलके होतात, असे मानणाऱ्यांनी ही सहा वर्षे ध्यानात ठेवावीत.

तो दिवा होता तरी कसा? काचेच्या फुग्यात एक तार तापवायची, इतकेच. प्रथम कोळशाची तार होती, पुढे टंगस्टनची आली. पण दिलेल्या विजेच्या वीस भागांतून जेमतेम एका भागाचा उजेड होई आणि बाकीची उष्णता बनून जाई. खरे म्हणजे ती एक शेगडीच. थोडाबहुत प्रकाशही देणारी!

आता व्यापाऱ्यांची गोष्ट. १९२४ साली जगातले बडे दिवेवाले जिनिव्हात एकत्र आले. ओसराम, फिलिप्स ही नावे आपल्या परिचयाचीच आहेत. ‘फीबस’ नावाच्या त्यांच्या संघाने बाजारपेठा वाटून घेतल्या आणि दिव्याचे आयुष्य हजार तासांवर बांधले. नमुने स्वित्झर्लंडमधील प्रयोगशाळेत तपासले जात, आणि ज्याचा दिवा फार टिके त्या कारखान्याला दंड होई. जास्त टिकणारी तार मंद जळते व तेवढ्याच उजेडाला अधिक वीज खाते, हा त्यांच्या बाजूचा मुद्दा खोटा नव्हे. पण केवळ गिऱ्हाइकाच्या विजेच्या काळजीने कोणी दंडाचे कोष्टक बांधीत नाही. दुसऱ्या महायुद्धात हा संघ मोडला. हजार तासांचा रिवाज मात्र मागे उरला.

१९७३ च्या तेलटंचाईनंतर विजेची बचत हा शब्द प्रतिष्ठित झाला. १९७६ साली अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या एड हॅमर यांनी नळीचा दिवा पिळून लहान केला. आपण ज्याला सीएफएल म्हणतो तो हाच. यंत्रसामग्रीचा खर्च पाहून कंपनीने तो बासनात ठेवला! पुढे इतरांनी तो बाजारात आणला. त्यात पारा असल्यामुळे फुटलेला दिवा ही नवीच कटकट घरात आली.

खरी क्रांती निळ्या उजेडाने केली. निळा एलईडी साधल्यावाचून पांढरा उजेड मिळेना. आकासाकी व आमानो यांनी नागोया येथे, आणि शुजी नाकामुरा यांनी निचिया या कंपनीत तो साधला. १९९३ साली निचियाने प्रखर निळा एलईडी जाहीर केला. २०१४ साली तिघांना नोबेल मिळाले. पण या शोधाबद्दल नाकामुरांच्या हाती कंपनीने सुरुवातीला ठेवले होते वीस हजार येन. ते कोर्टात गेले. २००४ साली टोकियोच्या न्यायालयाने २,००० कोटी येन देण्याचा निकाल दिला. पुढच्याच वर्षी सुमारे ८४ कोटींवर तडजोड झाली. मजुरीचा प्रश्न केवळ अंगमेहनत करणाऱ्याचाच असतो, असे समजणाऱ्या पांढरपेशा मित्रांना मी हे उदाहरण नेहमी सांगतो.

आपल्याकडे जानेवारी २०१५ मध्ये ‘उजाला’ योजना सुरू झाली. सरकारी कंपनीने एकगठ्ठा खरेदी केली, आणि २०१४ साली ३१० रुपयांना पडणारा दिवा २०१६ पर्यंत ३८ रुपयांवर आला. योजनेतून छत्तीस कोटींहून अधिक दिवे वाटले गेले. एकजुटीने मागितले म्हणजे भाव उतरतो, हे युनियनवाल्याला नवे नाही.

आता घरचा हिशेब पाहा. साठ वॅटचा जुना दिवा रोज पाच तास जळला तर महिन्याला ९ युनिटे होतात. तेवढाच उजेड देणारा नऊ वॅटचा एलईडी १.३५ युनिटांत भागवतो. सर्वांत जास्त वेळ जळणारा दिवा आधी बदलावा. माळ्यावरचा राहिला तरी चालेल.

सोलापूरकडे विडी वळणाऱ्या बायका घरीच कामाला बसतात. त्यांचे घर हाच कारखाना आणि स्वयंपाकघरातला दिवा हाच कारखान्याचा दिवा. त्याचे बिल त्या स्वतः भरतात. हजारी विड्यांच्या दरात ते वेगळे धरलेले मी अद्याप पाहिलेले नाही. नव्या दिव्याने त्यांचे युनिट वाचते ते त्यांच्याच पदरी पडते, हे चांगलेच. पण दिवा स्वस्त झाला म्हणून रात्री आणखी दोनशे विड्या वळल्या जातात, आणि त्या घरात सूर्यास्त केव्हा झाला हे पाहायला कोणताही निरीक्षक जात नाही.