सातबाऱ्यावर नसलेली झाडं

आमचं जामनेर कांग नदीच्या काठचं. कांग पुढं वाघुरीला मिळते आणि वाघूर तापीला. वाघूर निघते अजिंठ्याच्या डोंगरात. लेण्यांपाशी घोड्याच्या नालेसारखं वळण घेऊन ती खाली खानदेशात उतरते. १८१९ साली जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला शिकारीच्या नादात लेणी दिसली, ती याच खोऱ्यात. त्या दिवसाची नोंद जगभर गेली. नदीकाठी काय काय उगवत होतं, ते मात्र जुन्या माणसांच्या तोंडीच राहिलं.

काठ म्हणजे गावाचा बिनपैशाचा बाजार होता. शिंदीच्या पात्यांचे फडे घरोघर असत, लग्नातलं बाशिंगही शिंदीचंच. निरगुडीच्या काड्यांची कणगी विणायची, शेणानं लिंपायची अन् तिच्यात ज्वारी भरायची. अंग धरलं की निरगुडीच्याच पाल्याचा शेक. दिव्याला करंजाचं तेल, दिवाळीच्या उटण्यात मोथा. पूर ओसरला की वाळूत डांगर-टरबुजाच्या वाड्या लागायच्या. हे सगळं पेरायचं कोण? आमची माय म्हणे, "नदी पेरती अन् नदीच राखती." पूर वरचं बी खाली आणायचा, काठावर गाळ टाकायचा, अन् जुनं उपटून नव्याला जागा करून द्यायचा.

पुढं आमच्या मुलखातल्या नद्या एकेक करून अडल्या. १९६९ साली गिरणा धरण झालं, १९८२ साली तापीवर हतनूर. नंतर वाघूरही अडली आणि तिचा फुगवटा आमच्या तालुक्यात पसरला. धरणाला नावं ठेवणाऱ्यांतला मी नाही. भर उन्हात नदीत झिरे उकरून वाटी-वाटीनं हंडा भरणाऱ्या बाया मी पाहिल्यात. आज जळगाव शहर वाघुरीचं पाणी पितं, शिवारात केळी उभी आहे. पण हिशेब मांडायचा तर दोन्ही बाजूंनी मांडावा.

धरणाच्या वर पाणी पावसाळ्यात चढतं अन् उन्हाळ्यात उतरतं. जुनी झाडं महिनोन्‌महिने पाण्यात उभी राहून कुजतात. पाणी हटलं की उघड्या पडलेल्या जमिनीत गाळपेर होते. पेरायचं राहिलं तिथं बेशरम माजते. धरणाच्या खाली याच्या उलट. मोठा पूर क्वचित, गाळ वरच अडलेला, म्हणून वेडी बाभूळ थेट पात्रात ठाण मांडते. त्यात वाळूउपशानं काठच खचवले, तो दोष धरणाचा नाही.

स्वीडनमध्ये ख्रिस्तर निल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अडवलेल्या आणि मोकळ्या नद्यांचे काठ वर्षानुवर्षं तपासले. २००० साली त्यांनी दाखवून दिलं, की एकाच नदीवर एकापुढे एक धरणं झाली तर शेजारच्या दोन जलाशयांचे काठही वेगळे पडतात. ज्यांचं बी पाण्यावर फार वेळ तरंगत नाही, अशा वनस्पतींना धरण ओलांडता येत नाही. म्हणजे नदीची पेरणी तिथंच खुंटते. मायचं बोलणं मला तिथं पुन्हा भेटलं.

जमिनी संपादित होताना घरं मोजली, विहिरी मोजल्या, फळझाडांची किंमत झाली. काठावरची शिंदी, निरगुडी कुणाच्याच सातबाऱ्यावर नव्हती. ज्याचा मालक नाही, त्याची भरपाई कुणी मागायची? फडे बांधणाऱ्या बायांची रोजी गेली, ती कुठल्या पंचनाम्यात आली नाही.

गेलेलं सगळं परत येणार नाही. पण कांगेचे वरच्या अंगाचे ओहळ अजून बरेच मोकळे आहेत. तिथली शिंदी तोडू नये, काठ नांगरू नयेत, अन् कोणत्या झाडाला आपल्याकडं काय म्हणतात ते जाणत्या माणसांना विचारून शाळेतल्या पोरांनी वहीत उतरवून घ्यावं. हे काम यंदाच सुरू व्हावं, कारण ती नावं सांगणारी माणसं आता ऐंशीच्या पुढं आहेत.