प्रिंटर बंद आहे

जानेवारी 2015, ढाका. बांगलादेश बँक या देशाच्या मध्यवर्ती बँकेतल्या काही कर्मचाऱ्यांना नोकरी मागणाऱ्या एका उमेदवाराची मेल येते. लिंकवर बायोडेटा आहे म्हणे. कोणीतरी तो उघडतो. चोर आत.

2015ची अखेर. बँकेच्या स्विफ्ट खोलीला (स्विफ्ट ही बँकांचे पैशांचे आदेश पोचवणारी आंतरराष्ट्रीय संस्था) देशांतर्गत रकमा तत्काळ वळवणारी नवी आरटीजीएस यंत्रणा जोडली जाते. बारा बाय आठ फुटांची बिनखिडकीची खोली, चार सर्व्हर, दाराला कुलूप. पण तपास करणाऱ्या पोलिसांच्या म्हणण्यानुसार तिथली यंत्रे बँकेच्या सुमारे 5,000 संगणकांच्या जाळ्यातच होती. मधे फायरवॉल नाही, आणि जोडायला दहा डॉलरचे सेकंडहँड स्विच. असल्या स्विचला जाळ्याचे कप्पे पाडता येत नाहीत. भरीस भर म्हणजे इमारतीतल्या दुसऱ्या ऑफिसातून काम करता यावे म्हणून एक वायरलेस जोडणी, सोप्या पासवर्डची, काम झाल्यावरही उघडीच. पोलिसांनी बोट स्विफ्टच्या तंत्रज्ञांकडे दाखवले; स्विफ्टने हात झटकले. ते काही असो, देशाची परकीय गंगाजळी जिथून हलते तिथे दहा डॉलरवर भागवणारा हिशेबनीस धन्यच!

गुरुवार, 4 फेब्रुवारी 2016, रात्री आठनंतर. बँकेचे डॉलर जिथे ठेवलेले त्या न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्हकडे बँकेच्या नावाने पैसे पाठवण्याचे 35 आदेश सुटू लागतात: 95 कोटी 10 लाख डॉलर. तिकडे सकाळ आहे, कचेरी उघडली आहे.

शुक्रवार, 5 फेब्रुवारी, सकाळ. ढाक्यात सुट्टीचा वार. आदल्या दिवसाचे व्यवहार आपोआप छापणारा प्रिंटर कोरा. हा नेहमीचाच बिघाड, असे समजून कर्मचारी घरी जातात. खरे तर तो घुसवलेल्या प्रोग्रॅमने गप्प केलेला.

शनिवार, 6 फेब्रुवारी. प्रिंटर चालू होतो आणि न्यूयॉर्कच्या शंका एकामागून एक छापून येतात. आता तिकडे सुट्टी.

न्यूयॉर्कने 30 आदेश अडवले होते. पैसे जायचे ती मनिलातल्या एका बँकेची शाखा ज्युपिटर रस्त्यावरची. निर्बंधांच्या यादीत त्याच नावाचे जहाज होते, म्हणून. सुटलेल्या पाचांपैकी श्रीलंकेला निघालेले दोन कोटी डॉलर ‘फाउंडेशन’च्या चुकलेल्या स्पेलिंगने वाचले. नशीब म्हणायचे, दुसरे काय!

सोमवार, 8 फेब्रुवारी. पैसे थांबवण्याचा निरोप मनिलाला जातो. तिथे चांद्र नववर्षाची सुट्टी.

मंगळवार, 9 फेब्रुवारी. शाखा उघडते, निरोप पडून राहतो, खात्यांतून रकमा निघतात. एकूण आठ कोटी दहा लाख डॉलर गेले. पुढे मोठा वाटा कॅसिनोंकडे.

बांगलादेशच्या अर्थमंत्र्यांना हे महिन्याभराने बातम्यांतून कळले. 15 मार्चला बँकेचे गव्हर्नर अतिउर रहमान यांनी राजीनामा दिला.