वारसा, मृत्युपत्राविना (दापोरा व बऱ्हाणपूर परिसर)

मृत्युपत्र न करता माणूस वारला, तर त्याची मालमत्ता कोणाला मिळते, याचे उत्तर मध्य प्रदेशातील बऱ्हाणपूर जिल्ह्यात मृताच्या धर्मावर आणि जमातीवर अवलंबून आहे. मध्य प्रदेश भू-राजस्व संहितेच्या (१९५९) कलम १६४ नुसार भूमिस्वामीचा हक्क त्याच्या वैयक्तिक कायद्याप्रमाणे वारसांकडे जातो.

याच जिल्ह्यातल्या दापोरा गावच्या हिंदू शेतकऱ्याला हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ लागू होतो. मुलगा, मुलगी, विधवा आणि आई यांना सारखा वाटा मिळतो. वडील मात्र वारसांच्या या पहिल्या वर्गात नाहीत. ९ सप्टेंबर २००५ पासून वडिलोपार्जित एकत्र मिळकतीतही मुलगी जन्मानेच सहदायाद ठरते. कागद सोपा, व्यवहार नव्हे. मृताच्या नावाची जागा वारसांनी घेण्याला इथे ‘फौती नामांतरण’ म्हणतात. शेजारच्या, महाराष्ट्रातल्या रावेरला सातबारा पाहतात, इथे खसरा. त्यात फक्त भावांची नावे चढली, तरी बहिणीचा हक्क जात नाही. नामांतरण सारावसुलीसाठी असते, मालकी ठरवत नाही. स्थावरातला हक्क सोडायचा, तर नोंदणीकृत दस्त लागतो. तरीही ‘माहेर तुटेल’ या धास्तीने बहिणी सह्या करून देतात, आणि त्याला राजीखुशी म्हणायचे!

जिल्ह्यातील कोरकू, भिल्ल अशा अनुसूचित जमातींना मात्र हा अधिनियम लागूच नाही (कलम २, पोटकलम २). तिथे रूढी चालते, आणि ती बहुधा पुरुषांच्या बाजूने झुकलेली असते. आफ्रिकेतील अनेक समाजांचा रूढिकायदाही असाच. दक्षिण आफ्रिकेत केप टाऊनजवळच्या खायेलित्शात एका मृताच्या दोन अल्पवयीन मुलींना डावलून आजोबांनी घरावर हक्क सांगितला. १५ ऑक्टोबर २००४ रोजी तिथल्या संविधान न्यायालयाने ज्येष्ठ पुरुषालाच वारस मानणारा नियम घटनाबाह्य ठरवला.

भारतात असा सरसकट निकाल नाही. छत्तीसगडमधील एका गोंड स्त्रीच्या वारसांनी तिच्या वडिलांच्या मिळकतीत हिस्सा मागितला, तेव्हा खालच्या न्यायालयांनी ‘मुलींना वाटा देणारी रूढी दाखवा’ असे म्हटले. १७ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा रोख उलटा फिरवला: मुलीला वगळणारी रूढी असेल, तर ती वगळू पाहणाऱ्याने सिद्ध करावी. खटल्यात सारे वजन पुराव्याचे असल्याने हा बदल दिसतो त्याहून मोठा आहे. उत्तराधिकार अधिनियमाचे कलम २ मात्र जसेच्या तसे आहे.