बेघर-निवारा : कबनूर–इचलकरंजी पट्टा

कबनूर हे कोल्हापूर जिल्ह्याच्या हातकणंगले तालुक्यातले, इचलकरंजीला खेटून वसलेले मोठे गाव. यंत्रमागांचा खडखडाट आणि भाड्याच्या खोल्यांच्या रांगा शहरातून गावात कुठे शिरतात, हे नवख्या माणसाला उमगत नाही. सरकारी दप्तरात मात्र ही हद्द ठळक आहे. तिच्या एका अंगाला 2022 मध्ये नगरपरिषदेची महानगरपालिका झालेली इचलकरंजी आहे, दुसऱ्या अंगाला ग्रामपंचायत. 2011 च्या जनगणनेने कबनूरला ‘जनगणना नगर’ मानले. लोकसंख्या, दाटी आणि बिगरशेती रोजगार या तिन्ही कसोट्यांवर ते शहर ठरले. कारभार गावाचाच राहिला. बेघर माणसाला छप्पर, कागदपत्रे, औषधपाणी आणि पुढे कायमचे घर मिळावे म्हणून देशात जी व्यवस्था उभी आहे, ती या हद्दीवर येऊन अडखळते. प्रस्तुत नोंद त्या अडखळण्याविषयी आहे.

बेघर कोणाला म्हणायचे, याचे जनगणनेपुरते उत्तर सोपे आहे: छप्पर असलेल्या वास्तूत न राहणारा. 2011 मध्ये 28 फेब्रुवारीच्या रात्री प्रगणक फूटपाथ, पुलाखालच्या जागा, रेल्वे फलाट आणि देवळांचे ओटे फिरले. त्या रात्रीच्या मोजणीत देशात 17.7 लाख, त्यांपैकी शहरांत 9.4 लाख आणि महाराष्ट्रात 2.1 लाख बेघर भरले. आधीच्या दशकाशी ताडून पाहता देशाचा एकूण आकडा उतरला होता, शहरांचा वाढला होता. यंत्रमागाच्या गावाला ही रात्रीची मोजणी मुळातच गैरलागू पडते. इथे कारखाने रात्रपाळीतही चालतात. ज्याला खोली नाही असा कामगार रात्री मागावर उभा असतो आणि दिवसा त्याच शेडच्या कोपऱ्यात, सुताच्या पोत्यांशेजारी पथारी टाकतो. त्याच्या डोक्यावर पत्रा असतो, म्हणून तो बेघरांत धरला जात नाही. मालकाने काम थांबवले की नोकरी आणि छप्पर दोन्ही एकाच दिवशी जातात.

इचलकरंजीत पहिला यंत्रमाग विठ्ठलराव दातार यांनी 1904 मध्ये बसवला, असे सांगितले जाते. संस्थानिक नारायणराव घोरपडे यांच्या पाठबळाने धंदा वाढला आणि पुढे तो शहराच्या वेशी ओलांडून कबनूर, कोरोची, चंदूर या गावांत पसरला. माणसे आली ती सोलापूर आणि उत्तर कर्नाटकातून, पुढे उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून. मागवाल्याची मजुरी कापडाच्या मीटरवर ठरते. 52 पिकाच्या, म्हणजे इंचामागे 52 आडवे धागे असलेल्या, कापडाला मीटरमागे किती पैसे, यावर इथे संप झाले आहेत. अशा मजुरीत खोलीचे डिपॉझिट एकरकमी भरणे एकट्या माणसाला जमत नाही. तो कॉटबेसिसवर राहतो किंवा कारखान्यात झोपतो, आणि खानावळीत जेवतो. उघड्यावर येण्याची वेळ मंदीत येते, आजारपणात येते किंवा हात चालेनासा झाला की येते. घरातून बाहेर काढलेल्या म्हाताऱ्या, मनोरुग्ण, व्यसनात अडकलेले, कचरा वेचणारे हे दुसरे मोठे गट. गळीत हंगामात साखर कारखान्यांच्या परिसरात खोपी घालून राहणारी ऊसतोड कुटुंबे वेगळी: त्यांना गावाकडे घर असते, पण वर्षाचे काही महिने मुलाबाळांसह पालाखाली जातात.

कायद्याच्या बाजूने पाहिले तर या प्रश्नाचे मूळ मुंबईच्या पदपथावर आहे. ‘ओल्गा टेलिस विरुद्ध मुंबई महानगरपालिका’ या 1985 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्कातच येतो असे म्हटले. पदपथावर राहण्याचा हक्क मात्र दिला नाही. नोटीस देऊन हटवण्याची मुभा पालिकेला राहिली. पुढे 2009-10 च्या कडाक्याच्या थंडीत दिल्लीतला एक रात्रनिवारा पाडला गेला. त्यावरून सर्वोच्च न्यायालयात चाललेल्या अन्नहक्काच्या याचिकेत निवाऱ्यांचे आदेश सुरू झाले आणि एक लाख लोकसंख्येमागे एक निवारा हे माप रुळले. 2013 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात ते योजनेच्या रूपाने आले. निवारा चोवीस तास उघडा हवा, माणशी किमान 50 चौरस फूट जागा हवी, पाणी, शौचालय, स्वयंपाकाची सोय हवी, आणि स्त्रिया व कुटुंबांची व्यवस्था निराळी हवी. 2011 ची इचलकरंजीची लोकसंख्या सुमारे 2.87 लाख. या मापाने शहराला शंभर खाटांचे जवळजवळ तीन निवारे लागतात. कबनूरला या हिशेबात जागाच नव्हती, कारण योजना वैधानिक नगरांपुरती होती आणि ग्रामपंचायतीला नागरी अभियान लागू होत नव्हते.

घरकुलाचे तेच. शहराच्या हद्दीत, स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्याला प्रधानमंत्री आवास योजनेच्या शहरी भागातून केंद्राचे दीड लाख आणि राज्याचे एक लाख, असे अडीच लाख मिळत आले. ग्रामपंचायतीत ग्रामीण योजना चालते. तिचे मूळ अनुदान सपाट प्रदेशात 1 लाख 20 हजार, वर रोजगार हमीची मजुरी आणि शौचालयाचे 12 हजार. विटा, वाळू आणि गवंड्याचा दर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सारखाच. जागा नसलेल्यांसाठी राज्याची पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी योजना आहे. तिची मदत आधी 50 हजार होती, पुढे एक लाखापर्यंत नेली. शहराला चिकटलेल्या गावात एवढ्या पैशात गुंठ्याचा कोपराही हाती लागत नाही. उरते गायरान. त्यावरची अतिक्रमणे काढण्याच्या नोटिसा 2022 मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर निघाल्या, तेव्हा कोल्हापूर जिल्ह्यात मोठे मोर्चे निघाले होते.

जवळपास पाहण्याजोगे काम आहे ते सांगली आणि कोल्हापुरात. सांगलीत महापालिकेचे ‘सावली’ बेघर निवारा केंद्र स्वयंसेवी संस्थेमार्फत चालते. कोल्हापुरात निराधार स्त्रियांसाठी ‘एकटी’ ही संस्था काम करत आली आहे. जागा व पैसा पालिकेचा, माणसे संस्थेची, ही विभागणी राज्यात बहुतेक ठिकाणी दिसते. तिचे यश इमारतीपेक्षा रात्री बाहेर पडून माणसे शोधणाऱ्या कार्यकर्त्यांवर ठरते. बसस्थानकात पडलेल्या माणसाला ‘चला’ म्हटले की तो येत नाही. त्याचे बोचके, कधी त्याचे कुत्रे आणि बहुधा त्याची दारू, या तिन्हींचा प्रश्न आधी सोडवावा लागतो. आल्यावर अंघोळ, दाढी, कपडे, डॉक्टर, मग नावगाव. नाव कळले की पोलिसांमार्फत घरच्यांचा शोध घेतात. काहींना घरचे न्यायला येतात. काहींच्या घरी फोन लागतो आणि पलीकडून ठेवला जातो.

नाव कळले तरी कागद लागतात, आणि समन्वयाची खरी परीक्षा तिथेच होते. आधारसाठी मान्यताप्राप्त निवारागृहाच्या प्रमुखाचा दाखला चालतो. मतदार यादीसाठी बेघराला पत्त्याचा पुरावा द्यावाच लागतो असे नाही: मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याने एकाहून अधिक रात्री जाऊन तो माणूस त्या जागी झोपतो याची खात्री करायची, अशी निवडणूक आयोगाची रीत आहे. संजय गांधी निराधार अनुदान योजनेची अट मात्र कडक आहे. वार्षिक उत्पन्न 21 हजारांच्या आत आणि महाराष्ट्रात 15 वर्षांचे वास्तव्य. चिकोडी किंवा विजापूरकडून आलेला आणि आयुष्यभर शेडमध्ये झोपलेला म्हातारा कामगार 15 वर्षे नव्हे, तीस वर्षे इथे राहिलेला असतो. ते दाखवायला त्याच्याकडे भाडेपावती नसते, वीजबिल नसते. शेड ग्रामपंचायतीत असेल तर रहिवासाची विचारणा तिथे होते, निवारा असतो महापालिकेचा, निराधार योजनेचा अर्ज तहसील कचेरीत, आणि दवाखाना म्हणजे इचलकरंजीचे राज्य सरकारकडे गेलेले आयजीएम रुग्णालय. चार ठिकाणी चार टेबले. प्रत्येक टेबलावरचा माणूस नियमानेच वागत असतो, हे विशेष.

मनोरुग्णांची वाट याहून खडतर. मानसिक आरोग्यसेवा कायदा, 2017 नुसार रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णाला संरक्षणात घेऊन चोवीस तासांच्या आत आरोग्यकेंद्रात नेणे हे पोलिसांचे कर्तव्य आहे. राज्याची प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे. कबनूरहून त्यांतले जवळचे गाठायचे तरी घाट उतरा किंवा पुणे गाठा. उपचार करून अशा माणसांना त्यांच्या गावी परत पोचवण्याचे काम कर्जतच्या श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशनने मोठ्या प्रमाणावर केले, आणि त्यासाठी डॉ. भरत वाटवानी यांना 2018 मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. दुसरीकडे मुंबई भीक प्रतिबंधक कायदा, 1959 राज्यात उभाच आहे. उपजीविकेचे साधन दिसत नसलेल्या, भटकणाऱ्या माणसालाही तो भिक्षेकऱ्याच्या व्याख्येत ओढतो आणि एक ते तीन वर्षे भिक्षेकरी गृहात ठेवण्याची सोय करतो. दिल्ली उच्च न्यायालयाने 2018 मध्ये तिथल्यापुरती त्याची बरीच कलमे रद्द केली. एकाच माणसाला एक खाते निवाऱ्यात बोलावते आणि दुसरे उचलून नेऊ शकते. तो दोन्ही खात्यांच्या गाड्यांपासून लांब राहतो, यात नवल नाही.

परदेशांतील अनुभवांपैकी अमेरिकेतील ह्यूस्टनचा इथे उपयोगी आहे, कारण तिथलाही प्रश्न हद्दींचा होता. महापालिका, परगणे आणि पन्नासहून अधिक संस्था आपापल्या याद्या घेऊन बसल्या होत्या. 2012 च्या सुमारास महापौर ॲनिस पार्कर यांच्या काळात सगळ्यांनी एकच यादी, एकच प्रवेशपद्धत आणि गरजेनुसार ठरणारा क्रम मान्य केला. पुढच्या दशकात तिथली बेघरांची संख्या निम्म्याहून अधिक घटली. फिनलंडने 2008 पासून आधी घर, मग उपचार असा क्रम धरला. दोन्हीकडे भाड्याची रिकामी घरे मिळवता आली, हे विसरून चालणार नाही. भाडेकराराची कटकट नको म्हणून कुलूप लावून ठेवलेली घरे आपल्याकडेही कमी नाहीत. ती भाड्याला काढण्याची हमी घ्यायला कोणी पुढे येत नाही, एवढेच.

या पट्ट्यात असा समन्वय कधीच झाला नाही, असे मात्र म्हणता येत नाही. पंचगंगेला 2019 आणि 2021 मध्ये महापूर आले तेव्हा नदीकाठची कुटुंबे शाळा आणि मंगल कार्यालयांत हलवली गेली. आपत्ती व्यवस्थापन कायदा, 2005 खाली जिल्हाधिकाऱ्यांचा हुकूम पालिका आणि ग्रामपंचायत दोघांनाही सारखाच लागू होतो. छावणीत आलेल्याला कोणत्या हद्दीतला म्हणून कोणी परत पाठवले नाही. जेवण, औषध, जनावरांचा चारा, पंचनामा, सानुग्रह अनुदान, सगळे एका यादीवर चालले. टाळेबंदीत अडकलेल्या परप्रांतीय कामगारांचेही 2020 मध्ये तसेच झाले, आणि शिवभोजन थाळी तेव्हा पाच रुपयांवर आणली गेली. पूर ओसरला, गाड्या सुटल्या, आणि याद्या ज्या त्या कचेरीत परत गेल्या.

नागरी उपजीविका अभियानाची मुदत सप्टेंबर 2024 मध्ये संपली. त्याच महिन्यात प्रधानमंत्री आवास योजनेचा दुसरा शहरी टप्पा सुरू झाला. कामगार आणि बेघर यांच्यासाठी भाड्याची घरे हा त्यातला एक स्वतंत्र भाग आहे. या पट्ट्याला सर्वांत लागू पडावी अशी तरतूद हीच, कारण मागावरच्या एकट्या माणसाला मालकीच्या घरकुलाआधी डिपॉझिटशिवायची खोली हवी असते. वैधानिक नगरांबरोबर अधिसूचित नियोजन क्षेत्रेही या योजनेत धरता येतात. कबनूरचा परिसर तसा अधिसूचित करणे किंवा गावाला नगरपरिषदेचा दर्जा देणे, दोन्ही राज्य सरकारच्या हातात आहे. 2027 च्या जनगणनेत बेघरांची रात्रमोजणी पुन्हा होईल.