पदवी आणि परंपरा : बडोद्याच्या नृत्य-नाट्यशिक्षणाची पूर्वपीठिका

मुलीने महाविद्यालयात जाऊन नृत्याचा किंवा नाट्याचा रीतसर अभ्यास करावा, परीक्षा द्यावी आणि पदवी घ्यावी, यात आज आमच्या समाजात कोणाला वावगे वाटत नाही. उत्सवाच्या रात्री देवालयाच्या सभामंडपात अशा पदवीधर मुलींचे नृत्य होते आणि देवस्थानची मंडळी श्रीफळ देऊन त्यांचा गौरव करतात. हे सर्वथा इष्टच आहे. परंतु ज्या विद्येला ही प्रतिष्ठा लाभली, ती विद्यापीठाच्या दारापर्यंत कोणी आणून पोहोचविली, याची चौकशी आम्ही क्वचितच करतो. या दृष्टीने बडोद्याचा इतिहास पाहण्याजोगा आहे. कारण या प्रवासाचे बहुतेक टप्पे त्या एकाच नगरात आढळतात.

मात्र या कथेचा आरंभ तंजावरास होतो. तेथील भोसले घराण्यातील शहाजीराजांनी (कारकीर्द १६८४–१७१२) मराठीत नाटके लिहिली. सांगलीस विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले, त्याच्या सव्वाशेहून अधिक वर्षे आधीची ही गोष्ट. पुढे दुसऱ्या सरफोजीराजांच्या (१७९८–१८३२) दरबारात चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् आणि वडिवेलू हे चार बंधू होते. आज भरतनाट्यम् ज्या क्रमाने सादर होते, त्या क्रमाला आकार देण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. नृत्यासाठी रचलेली मराठी पदे खुद्द सरफोजीराजांच्या नावावर आहेत. तेव्हा ही नृत्यविद्या आम्हां मराठी भाषिकांना सर्वस्वी परकी होती असे म्हणता येत नाही.

१८८० साली बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांचा विवाह तंजावरच्या मोहिते घराण्यातील लक्ष्मीबाई, म्हणजेच पुढे चिमणाबाई, यांच्याशी झाला. या सोयरिकीमुळे तंजावरचा नृत्यसंच बडोद्यास आला. गौरा आणि कांतिमती या त्यातील नामांकित नर्तकी. त्यांचे नट्टुवनार, म्हणजे ताल धरून नृत्य चालविणारे गुरू, कन्नुस्वामी हे वर सांगितलेल्या चार बंधूंच्याच वंशातले. दरबारातील गवई, वादक व नर्तकी यांच्यासाठी संस्थानात ‘कलावंत कारखाना’ नावाचे स्वतंत्र खाते होते. कलावंतांना आश्रय मिळाला, वेतन मिळाले. पण विद्या घराण्यातच राहिली. ती आईकडून मुलीकडे आणि गुरूकडून शिष्येकडे, कानांनी ऐकून आणि पायांनी गिरवून चालत आली.

या रीतीला पर्याय निर्माण झाला तो १८८६ साली. सयाजीरावांच्या आश्रयाने मौलाबक्ष यांनी बडोद्यात गायनशाळा काढली. चिजा स्वरलिपीत बांधून पाठ्यपुस्तके सिद्ध करणे आणि वर्गात बसवून गाणे शिकविणे हा त्यांचा उपक्रम होता. कला शिकण्याचा अधिकार घराण्याच्या उंबरठ्यावरून शाळेच्या हजेरीपटावर आला, असे या घटनेचे वर्णन आम्ही करू. अखिल भारतीय संगीत परिषदेचे पहिले अधिवेशन १९१६ मध्ये याच नगरात भरले, हा योगायोग नव्हे.

१९४९ साली महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाले. संविधान सभेच्या सदस्या असलेल्या हंसाबेन मेहता या त्याच्या पहिल्या कुलगुरू. या विद्यापीठात कायदा, विज्ञान, वाङ्मय यांच्या पंक्तीला संगीत, नृत्य आणि नाट्य यांनाही पाट मांडला गेला. नाट्यशिक्षणाचा पाया गुजराती नाटककार चंद्रवदन मेहता यांनी घातला. नृत्यविभागाची धुरा आरंभी मोहन खोकर यांच्याकडे होती. आणि आम्हांस सर्वांत बोलकी वाटणारी गोष्ट ही की, दरबारी नर्तकी कांतिमती यांचे चिरंजीव कुबेरनाथ तंजोरकर यांनीही या विद्यापीठात भरतनाट्यम् शिकविले. आईने दरबारात केलेले नृत्य पुत्राने वर्गात शिकविले.

याच काळात कायद्याच्या पुस्तकात काय घडत होते, हे पाहणे वकिलाला भाग आहे. बेळगाव ज्या मुंबई इलाख्यात होते, तेथे १९३४ साली देवदासी संरक्षण कायदा झाला. त्याने मुलगी देवाला वाहणे बेकायदा ठरविले आणि अशा स्त्रीचा विवाह व तिची संतती यांस कायद्याची मान्यता दिली. १९४७ चा मद्रासचा कायदा याहून पुढे गेला. देवालयाच्या आवारात किंवा देवाच्या मिरवणुकीत स्त्रीने नृत्य करणे, हेदेखील त्याने बेकायदा ठरविले. अजाण मुलींना वाहण्याची चाल बंद होणे न्याय्यच होते, याविषयी आमच्या मनात शंका नाही. पण त्या एका कलमाने चालीबरोबर कलेलाही आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले.

१९४७ मध्ये देवालयाचे दार मिटले आणि दोनच वर्षांत दुसऱ्या प्रांतात विद्यापीठाचे दार उघडले. एकामुळे दुसरे घडले असे आमचे म्हणणे नाही. पण नव्या दाराने आत आलेल्या मुली बहुतांशी वेगळ्या घरांतल्या होत्या. ज्या स्त्रियांनी पिढ्यान्‌पिढ्या ही विद्या जतन केली, त्यांच्या लेकींना कित्येकदा आपले कूळ लपवावे लागले. बडोद्यात निदान एका घराण्याला गुरुपीठ मिळाले. इतरत्र बहुतेकांच्या वाट्याला विस्मरण आले.

गोमंतकीय वाचकांना हे निराळे सांगावयास नको. आमच्या देवस्थानांत कलावंत स्त्रियांनी गायन-नर्तनाची सेवा केली. त्याच समाजातून केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर यांच्यासारख्या गायिका पुढे आल्या आणि दोघीही पद्मभूषण झाल्या. त्यांची नावे आम्ही अभिमानाने घेतो. परंतु ज्यांना कोणताही किताब लाभला नाही, त्यांची नावे घेताना आमची जीभ अडखळते.

मिळकत घेणाऱ्या वारसाला त्या मिळकतीच्या मर्यादेपर्यंत तिच्यावरील कर्जही मानावे लागते, हा कायद्याचा साधा नियम आहे. नृत्याची पदवी घेणारी मुलगी आणि तिचा गौरव करणारे देवस्थान, दोघेही एका मोठ्या मिळकतीचे वारस आहेत. कर्ज फेडणे फारसे अवघड नाही. जेथे जुन्या जमाखर्चाच्या वह्यांत सेवेकरी स्त्रियांच्या नावांच्या नोंदी असतील, तेथे त्या वाळवीपासून वाचवाव्यात आणि अभ्यासकांस खुल्या कराव्यात. महाविद्यालयांनी अडवू आणि अभिनयाबरोबर या स्त्रियांचा इतिहासही विद्यार्थिनींना शिकवावा. आणि उत्सवाच्या रात्री पदवीधर नर्तकीच्या हाती श्रीफळ देताना, त्याच मंडपात पूर्वी कोण नाचत असे, हेही जमलेल्या मंडळींना नाव घेऊन सांगावे.