टाकाऊ वस्तु आणि शाळकरी सेना

राष्ट्रावर संकट कोसळलें म्हणजे एरव्हीं ज्या वस्तूंकडे कोणी ढुंकूनहि पाहत नाहीं, त्यांना मोल चढतें. १९४१ च्या डिसेंबरांत अमेरिका दुसऱ्या महायुद्धांत ओढली गेली आणि पुढील कांहीं महिन्यांतच मलाया व डच ईस्ट इंडीज हे प्रदेश जपानच्या हातीं पडले. अमेरिकेस लागणारें बहुतेक नैसर्गिक रबर याच भागांतून येत असे; तें बंद झालें. पोलादाच्या भट्ट्यांनाहि मोडीचें लोखंड अपुरें पडूं लागलें. परसांत गंजत पडलेला नांगर, फाटका टायर, माळ्यावरची रद्दी, हीं सर्व एकाएकीं राष्ट्राची संपत्ति ठरलीं.

ही संपत्ति गोळा करावयाची कोणीं? घराघरांत शिरकाव असलेलें एकहि सरकारी खातें नव्हतें. शाळेजवळ मात्र प्रत्येक घरचें मूल होतें. हें ओळखून १९४२ सालीं तेथील युद्धोत्पादन मंडळानें विद्यार्थ्यांच्या संघटनेचा आराखडा देणारी एक पुस्तिकाच शाळांसाठीं काढली. मुलांच्या या दळास ‘ज्युनिअर आर्मी’ म्हणजे छोटी सेना असें नांव मिळालें. खेळण्यांतल्या गाड्या ओढीत मुलें दारोदार हिंडलीं आणि शाळांच्या पटांगणांत मोडीचे ढीग उभे राहिले.

उत्साहास तोटा नव्हता. परंतु केवळ उत्साहानें काम तडीस जात नाहीं, याचा धडा त्यापूर्वींच मिळाला होता. युद्धाच्या आरंभीं रद्दी कागदासाठीं हांक देण्यांत आली. लोकांनीं ती इतकी मनावर घेतली कीं, कागदाच्या गिरण्यांना येणारा माल आवरेना आणि १९४२ च्या वसंत ऋतूंत ही मोहीम थांबवावी लागली. पुढें कागदाची टंचाई भासतांच त्याच मुलांना ‘पेपर ट्रूपर्स’ या नांवानें पुन्हां हांक मारण्याची पाळी आली. बांधलेले गठ्ठे कोणी नेत नाहीं असें एकदां पाहिलेलें मूल दुसऱ्यांदां तितक्याच विश्वासानें दोरी हातीं घेईल काय?

याच्या अगदीं उलट उदाहरण ‘मिल्कवीड’चें. आपल्याकडील रुईच्या कुळांतील ही वनस्पति. तेथील शेतकरी तिला निव्वळ तण समजत. हिच्या बोंडांतहि रुईच्या म्हातारीसारखे रेशमी तंतु असतात. नाविकांच्या जीवरक्षक जाकिटांत भरावयाचा सावरीचा कापूस जावा बेटांतून येई. तो मिळेनासा झाल्यावर हे तंतु कामीं आले. १९४४ सालीं मुलांनीं कांद्याच्या जाळीदार पोत्यांतून बोंडें वेंचलीं, पोतीं कुंपणांवर टांगून वाळविलीं आणि तीं मिशिगन संस्थानांतील पेटॉस्की येथील कारखान्यांत गेलीं. दोन पोत्यांत एक जाकीट होतें, म्हणजेच एक जीव वांचतो, हें मुलांना सांगितलेलें होतें. काय वेंचावयाचें, कोठें धाडावयाचें आणि कशासाठीं, हें सर्व आधींच ठरलेलें होतें.

१९४५ सालीं युद्ध संपलें आणि त्याबरोबर ही छोटी सेनाहि विसर्जित झाली. संवय युद्धाच्या आधारावर उभी होती. आधार निघतांच ती ढासळली. वापरा आणि फेंका, हाच पुढें सुबत्तेचा मंत्र झाला. २२ एप्रिल १९७० रोजीं पहिला वसुंधरा दिन पाळण्यांत आला, तेव्हां हजारों शाळा-महाविद्यालयांतील विद्यार्थी पुढें सरसावले. त्याच वर्षीं गॅरी अँडरसन या विद्यार्थ्यानें एका स्पर्धेसाठीं तीन वळत्या बाणांचें चिन्ह रेखाटलें. तेंच आज पुनर्वापराची खूण म्हणून जगभर ओळखलें जातें. मधल्या पंचवीस वर्षांत छोट्या सेनेंतील मुलें स्वतः आईबाप झालीं होतीं. आणि त्यांच्या मुलांना तोच धडा पहिल्या ओळीपासून गिरवावा लागला.

शाळेंत रद्दीची, कांचेची व पत्र्याची अशा निरनिराळ्या टोपल्या मांडणें मुळींच कठीण नाहीं. टोपली भरल्यावर ती कोणाच्या दारीं जाणार, हें ठरविणें कठीण. तें ठरवून मुलास सांगितलें, तर तें टोपली आनंदानें भरील. आणि तसें करण्यास त्याला युद्धाची गरज लागणार नाहीं.