शाळेतला मीटर आणि किल्लारीची पहाट

किल्लारी म्हटले की ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आठवते. आदल्या रात्री गणपती बोळवून गावे निजली होती. तीन वाजून छप्पन मिनिटांनी जमीन हलली आणि लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतील सुमारे दहा हजार माणसे प्राणास मुकली. भूकंप ६.२ मापाचा होता, असे आपण मुलांना सांगतो. पण जमिनीचा धक्का आकड्यात येतो तरी कसा? त्याचे उत्तर शाळेच्या कपाटातल्या काट्याच्या मीटरापाशी सापडते.

१८२० साली कोपनहेगनच्या ओर्स्टेड या प्राध्यापकाला दिसले की तारेतून वीज गेली म्हणजे जवळची होकायंत्राची सुई वळते. त्याच वर्षी जर्मनीत श्वायगरने तारेचे पुष्कळ वेढे घेतले. सुई अधिक वळू लागली. वीज मोजता येऊ लागली खरी, पण शेजारून लोखंड गेले तरी सुई बिचकायची. तेव्हा युक्ती उलटी केली गेली. चुंबक पक्का बसवायचा आणि तारेचे वेटोळे, म्हणजे कॉइल, फिरती ठेवायची. १८८२ मध्ये फ्रान्समध्ये द आर्सोंव्हाल याने असे यंत्र पुढे आणले. १८८८ मध्ये अमेरिकेत वेस्टनने कॉइलला बारीक स्प्रिंगा लावून ते कुठेही नेता येईल असे केले. बॅटरी चार्ज करणाऱ्याच्या दुकानात फळीवर दिसणारा मीटर याच घराण्यातला.

आता तो चालतो कसा ते बघा. वीज कॉइलला वळवते, स्प्रिंग तिला मागे ओढते; दोघींचा जोर सारखा झाला की काटा थांबतो. वीज दुप्पट, तर काट्याचे वळणही दुप्पट. कॉइल फार नाजूक असते. एक हजारांश अँपिअरने काटा टोकाला जात असेल आणि दहा अँपिअर मोजायचे असतील, तर काय करावे? ओढ्याचे पाणी मोठ्या पाटाने काढून द्यावे आणि एक चिळकांडी मोजावी, तसेच. कॉइलच्या बाजूने जाड पट्टी जोडतात. तिला शंट म्हणतात. दहा हजारांतला एकच भाग कॉइलमधून जातो आणि बाकीचा पट्टीतून. मीटर मात्र विजेच्या वाटेतच जोडावा. सरळ बॅटरीच्या दोन टोकांना लावलात, तर तो जळालाच म्हणून समजा.

हीच गोष्ट उलटीही घडते. चुंबकात कॉइल हलवली की तारेत वीज उपजते; फॅरडेने हे तत्त्व १८३१ मध्ये दाखवले. १९०६ च्या सुमारास रशियात गोलित्सिनने त्यावर भूकंपमापक बांधला. टांगलेले वजन जागच्या जागी राहू पाहते, चौकट जमिनीबरोबर हलते; वजनावरची कॉइल चुंबकात सरकते आणि तिची वीज गॅल्व्हानोमीटरला हलवते. धक्क्याची रेघ अशी उमटते. त्या रेघेच्या उंचीवरून आणि अंतरावरून भूकंपाचे माप काढतात.

१९९२ च्या पावसाळ्यानंतरही किल्लारीच्या लोकांना हादरे जाणवले होते. पण देशाच्या नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या पट्ट्यात होता. दख्खनचा खडक घट्ट, असा समज होता. भूकंपानंतर हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने तेथे फिरती यंत्रे बसविली आणि मागाहूनचे धक्के नोंदले. अशा नोंदींतून कळले की हालचाल जमिनीखाली फार खोल नव्हती. २००२ च्या नकाशात किल्लारीचा भाग तिसऱ्या पट्ट्यात आला, आणि तेथे घर कसे बांधावे याचे नियमही त्यानुसार कडक झाले. भूकंप कधी होणार, हे यंत्र सांगत नाही. पण कुठे भिंती हलक्या आणि बांधीव हव्यात, हे कळायला त्याच्याच नोंदी लागतात.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, शाळेत दोन गॅल्व्हानोमीटर असतील तर ते दोन तारांनी एकमेकांना जोडा, बॅटरी नको. एकाला हलकेच हिसका द्या. त्याची कॉइल डोलेल आणि टेबलाच्या दुसऱ्या टोकाला, कोणी हात न लावता, दुसऱ्याचा काटा थरथरेल. मुलांना विचारा, त्याला कोणी हलवले?